ग्लेंडा जॅक्सन : दोन ऑस्कर, २३ वर्षं खासदारकी आणि मग थेट किंग लिअर

तिसरी घंटा

ब्रिटिश नट्यांचा विषय निघाला की इथे मॅगी स्मिथ, जूडी डेंच, फारतर हेलन मिरेन एवढ्यावर चर्चा संपते. ग्लेंडा जॅक्सनवर एकही धागा सापडला नाही म्हणून म्हटलं आपणच काढू. ज्यांनी नाव ऐकलंय तेसुद्धा एका वाक्यात उरकतात, 'ती ना, दोन ऑस्कर मिळवली आणि मग सगळं सोडून राजकारणात गेली ती'. हे 'सगळं सोडून' मला कायम खटकतं. का ते पुढे सांगते, आधी थोडी पार्श्वभूमी.

जन्म ९ मे १९३६, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडच्या बर्कनहेडचा. वडील गवंडीकाम करायचे, आई कधी दुकानात, कधी लोकांकडे साफसफाई, कधी पबमध्ये. चार बहिणी, त्यात ही थोरली. नाव ठेवलं ते ग्लेंडा फॅरेल नावाच्या हॉलिवूड नटीवरून, म्हणजे आईला सिनेमाचं वेड असणार. शाळा सोळाव्या वर्षी सुटली आणि बाई 'बूट्स' ह्या औषधांच्या दुकानात दोन वर्षं काउंटरवर उभ्या. तिथे कंटाळून हौशी नाटकमंडळात जायला लागली, कुणीतरी म्हणालं की बरं करतेस, मग स्कॉलरशिप मिळवून लंडनला राडा ह्या नाट्यशाळेत. तिथल्या प्रमुखांनी तिला सरळ सांगितलं की चाळिशीपर्यंत फारसं काम मिळेल अशी आशा ठेवू नकोस. कारण काय तर ही सुंदर नायिका टाइप नाही, चरित्र अभिनेत्री आहे.

१९५७ पासून पुढची सहा-सात वर्षं छोट्या शहरांतल्या नाटक कंपन्या, मध्येमध्ये बेकारी, मिळेल ती नोकरी. हा काळ मुलाखतींमध्ये ती कधी रोमँटिक करून सांगत नाही हे मला फार आवडतं. स्ट्रगल वगैरे शब्द नाहीत, पैसे नव्हते एवढंच.

मग १९६४ मध्ये पीटर ब्रूक. (हो, तोच, महाभारतवाला.) त्याने रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी प्रायोगिक प्रयोगांचा एक हंगाम केला त्यात ही होती, आणि त्यातूनच आलं 'मारा/साद'. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीवर नाटक करतायत, त्यात ही शार्लोट कॉर्दे, म्हणजे मारा ह्या क्रांतिनेत्याचा खून करणारी, आणि ती करणारी रुग्ण सारखी झोपेत जाते. त्यात मार्की द सादला चाबकाने मारायचा प्रसंग आहे. ब्रूकच्या प्रयोगात चाबूकच नाही. ही आपले लांब केस मागे घेते आणि पूर्ण मान फिरवून त्याच्या उघड्या पाठीवर मारते, परत परत, अगदी सावकाश. १९६७ च्या फिल्ममध्ये हे जसंच्या तसं आहे. अंगावर काटा येतो आणि गंमत म्हणजे ती चेहऱ्याने काहीही करत नाही.

पुढचं थोडक्यात: केन रसेलच्या 'विमेन इन लव्ह'साठी पहिलं ऑस्कर, १९७३ च्या 'अ टच ऑफ क्लास' ह्या विनोदी सिनेमासाठी दुसरं. दोन्ही वेळा समारंभाला गेली नाही. मध्ये १९७१ मध्ये बीबीसीवर 'एलिझाबेथ आर', राणी पहिल्या एलिझाबेथवरची मालिका. मग १९९२ मध्ये लेबर पक्षाची खासदार, २०१५ पर्यंत. आणि २०१६ मध्ये ऐंशीव्या वर्षी लंडनच्या ओल्ड विकमध्ये किंग लिअर, राजाच, राणी नाही. २०१८ मध्ये ब्रॉडवेवर टोनी, म्हणजे तिथल्या रंगभूमीचं मोठं बक्षीस. १५ जून २०२३ ला गेली, ८७ वर्षांची होती.

माझं म्हणणं असं की मधली २३ वर्षं हा खंड नाहीच, आणि तिचा लिअर त्या वर्षांतूनच आलाय. पटत नसेल तर भांडा.

गाडगं

संस्थेचं नाव राडा आणि पुढे संसदेत जाऊन बाईने केलं काय तर तेच. बाकी छान लिहिलंय, वाचतोय.

अजून एक चहा

मस्त धागा! मी तिला फक्त 'एलिझाबेथ आर'मध्ये बघितलंय, आणि खरं सांगू का, त्यानंतर दुसरी कुठलीही एलिझाबेथ बघवत नाही. केट ब्लँचेट आवडते मला पण ती राणी 'दिसते', ही राणी 'असते'. सहा भाग आहेत, प्रत्येक दीड तासाच्या आसपास आणि प्रत्येकाचा लेखक वेगळा. सुरुवातीला ती पंधरा-सोळाची राजकन्या, जीव वाचेल की नाही ह्याची खात्री नसलेली, आणि शेवटी ६९ वर्षांची म्हातारी. तेव्हा ग्लेंडा होती ३४ ची. राणीचं कपाळ उंच दिसावं म्हणून तिने पुढचे केस खरेच भादरून टाकले होते, टोप लावून भागवलं नाही. ह्या एका भूमिकेसाठी धनुर्विद्या, एका बाजूला पाय टाकून घोड्यावर बसणं, त्या काळातलं व्हर्जिनल नावाचं वाद्य, राणीसारखं अक्षर, सगळं शिकली.

त्यातला मेकअप बघा. एकेका भागागणिक चेहऱ्यावरचा पांढरा थर जाड होत जातो आणि शेवटच्या भागात तो थर आणि आतला चेहरा हे जणू वेगळे झालेत, ओठ हलतात पण वरचा थर हलत नाही. शेवटी ती झोपायलाच तयार नसते, उभीच राहते, तोंडात बोट घालून लहान मुलासारखी. सेट बघाल तर पुठ्ठ्याचे वाटतात, स्टुडिओतला प्रकाश सपाट, आजच्या मानाने अगदीच गरीब निर्मिती. पण दहाव्या मिनिटाला ते विसरायला होतं.

त्याच वर्षी सिनेमात व्हेनेसा रेडग्रेव्हच्या मेरी क्वीन ऑफ स्कॉट्ससमोर परत हीच एलिझाबेथ होती. एकाच वर्षात एकच राणी दोनदा.

खवचट काकू

काहीजणी आयुष्यभर एकच राणी करतात, चालायचंच. पण घंटाताई, तुम्ही ते विनोदी अंग फार पटकन उरकलंत. मोरकम आणि वाइज ही ब्रिटिश टीव्हीवरची विनोदी जोडगोळी, आपल्याकडे ज्यांना जुनं दूरदर्शन आठवतंय त्यांनी कल्पना करावी की 'चिमणराव'च्या काळात एखादी अत्यंत गंभीर नाटकवाली येऊन त्यांच्यासोबत फार्स करतेय. १९७१ मध्ये ही त्यांच्या कार्यक्रमात क्लिओपात्रा झाली. तोंडी मुद्दाम अशुद्ध व्याकरणाची वाक्यं, आणि ती वाक्यं ही बया शेक्सपिअर म्हणाव्या तशा खर्जात म्हणते, हसू म्हणून येऊ देत नाही. ते बघून मेल्विन फ्रँक ह्या दिग्दर्शकाला वाटलं की ही तर विनोदी नटी आहे, आणि त्याने 'अ टच ऑफ क्लास'ला घेतली. ऑस्कर मिळाल्यावर एरिक मोरकमने तार केली की आमच्यासोबत राहा, अजून एक मिळवून देऊ. हे विनोदाचं प्रकरण झालं नसतं तर दुसरं ऑस्करही झालं नसतं.

आणि त्या ऑस्करचं पुढे काय झालं हेही लिहा की. आईकडे ठेवली होती. माउलीने ब्रासो मारल्यासारखी घासूनपुसून इतकी चकचकीत ठेवली की वरचा सोन्याचा मुलामा निघून आतला धातू दिसायला लागला. ग्लेंडाबाई हे सांगताना खूश असायच्या.

अजून एक चहा

काकू, हे भारी आहे :-)

दादर स्लो

भांडा म्हणालात म्हणून भांडतो. मला हा सगळा प्रकार अपव्ययच वाटतो. ५५ व्या वर्षी निवडून आली आणि बाहेर पडली तेव्हा ७८ ची होती, नटाच्या आयुष्यातली ही सर्वात पिकलेली वर्षं. डेंचने ह्याच काळात काय काय केलं ते बघा. मॅगी स्मिथ घ्या. आणि हिने त्या काळात काय केलं, तर लंडनच्या बसमार्गांवरच्या बैठका. ब्लेअरच्या सरकारात १९९७ ला मंत्री झाली ती कनिष्ठ, खातं परिवहन, दोन वर्षांत राजीनामा दिला कारण लंडनच्या महापौरपदाची उमेदवारी हवी होती, ती पक्षाने फ्रँक डॉब्सनला दिली आणि निवडणूक जिंकली ती केन लिव्हिंगस्टनने अपक्ष राहून. म्हणजे तेही नाही. पुढे इराक युद्धाला विरोध केला त्यामुळे ब्लेअरच्या काळात वर जायचा रस्ता बंदच. तत्त्व वगैरे ठीक आहे हो, पण मागच्या बाकावर बसून हात वर करायला ६५० माणसं होती तिथे. तिने १९९२ नंतर जे केलं नाही ते दुसरं कोणीच करू शकत नव्हतं.

गाडगं

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. +१.

विंगेतून

स्लो, तुझा मुद्दा कागदावर बरोबर आहे पण त्यात एक गृहीतक आहे, की १९९२ नंतर भूमिका होत्या आणि तिने त्या नाकारल्या. तसं नव्हतं. ती स्वतः वर्षानुवर्षं हेच सांगत होती की नवे नाटककार बायकांसाठी लिहीतच नाहीत, बाई म्हणजे कुठल्यातरी पुरुषाची बायको, आई नाहीतर प्रेयसी, नाटकाला पुढे नेणारं इंजिन ती कधीच नसते. ऐंशीचं दशक बघ. तिने काय काय धुंडाळलं, रासीनची 'फेद्र', लोर्काचं 'बर्नार्डा आल्बाचं घर' ज्यात रंगमंचावर पुरुष दिसतच नाही, ओनीलचं ते पाच तासांचं 'स्ट्रेंज इंटरल्यूड', आणि १९९० मध्ये ब्रेश्टची मदर करेज. सगळी जुनी किंवा परभाषेतली नाटकं. १९८८ मध्ये ब्रॉडवेला क्रिस्टोफर प्लमरसोबत 'मॅकबेथ' केलं त्यात तालमीपासूनच दिग्दर्शक बदलत गेले आणि प्रयोगाचा विचका झाला. आणि सिनेमात? १९८९ ला केन रसेलने लॉरेन्सचीच 'द रेनबो' केली, त्यात हिला भूमिका कुठली, तर गुड्रुनच्या आईची. गुड्रुन म्हणजे 'विमेन इन लव्ह'मधलं हिचंच पात्र, ज्यासाठी ऑस्कर मिळालं ते. वीस वर्षांत स्वतःची आई करून मोकळी झाली बिचारी. पन्नाशीच्या नटीसाठी इंडस्ट्रीने ठेवलेलं हे असं ताट होतं.

डेंच आणि स्मिथला नव्वदच्या दशकात सिनेमाने नवा जन्म दिला हे खरं, पण ते कोणालाच आधी माहीत नव्हतं. आणि ग्लेंडा डेंचसारखी बाँडपटात वरिष्ठ अधिकारी म्हणून फायली आपटतेय हे मला तरी डोळ्यासमोर येत नाही.

दादर स्लो

फायली आपटायलाच तर गेली की नंतर.

विंगेतून

:-D हे मान्य.

किल्बर्नकर

मी ग्लेंडाच्या लंडनमधल्या मतदारसंघात बरीच वर्षं राहिलोय त्यामुळे जरा आतली बाजू. हॅम्पस्टेड म्हणजे लेखक, नट, बँकर लोकांची टेकडी आणि खाली उतरून किल्बर्नला आलात की आयरिश, कॅरिबियन, आपले लोक, कौन्सिलच्या इमारती. (बाबासाहेब जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर शेजारच्याच भागात, जे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं.) १९९२ मध्ये ती जिंकली तेव्हा ही जागा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे होती, तीही अशा निवडणुकीत जी लेबर हरली. म्हणजे नावावर तरंगत आलेली सेलिब्रिटी नव्हती. पुढे मतदारसंघाची हद्द बदलून हॅम्पस्टेड आणि किल्बर्न झाला आणि २०१० मध्ये ती जिंकली किती मतांनी, तर ४२. आकडा बरोबर वाचलात, बेचाळीस. तिच्यानंतर ट्यूलिप सिद्दिक आली, शेख मुजीबुर रहमान यांची नात, हजारएक मतांनी.

आपल्याकडे नट निवडून आला की पाच वर्षांत एकदा दिसतो म्हणून सगळ्यांना तेच मोजमाप लावायची सवय आहे. इथले लोक तिच्याकडे घराचं भाडं, भत्ते, व्हिसा, ओलीने काळ्या पडलेल्या भिंती असली गाऱ्हाणी घेऊन जायचे आणि बाई ती ऐकायची. गोड बोलायची असं मात्र नाही हं. फोटोबिटो काढायला गेलात तर नजरेनेच परत पाठवायची. एकटी बसने फिरायची, हातात सिगरेट, चेहऱ्याला मेकअप म्हणून नाही. नवीन आलेल्या माणसाला खरं वाटायचं नाही की हिच्याकडे दोन ऑस्कर आहेत.

खवचट काकू

थॅचरबाई गेल्यावर संसदेत केलेलं भाषण कुणी काढणार की नाही? मी काढते. १० एप्रिल २०१३. श्रद्धांजलीसाठी खास बोलावलेली बैठक, समोरचे सगळे काळ्या कपड्यांत, लेबरचे निम्मे लोक तर आलेच नव्हते कारण चांगलं बोलवत नाही आणि वाईट बोलायची वेळ नाही. आणि ही उठली. मी व्हिडिओ पाहिलाय. मुद्दे तिचे सगळे खरे असतील, पण मेलेल्या माणसाच्या तेराव्याला उठून त्याचे हिशेब काढायचे नसतात ही साधी रीत झाली. माझी मतं काही थॅचरच्या बाजूची नाहीत. पण रीत म्हणून काही असतं.

तिसरी घंटा

काकू, मी तो व्हिडिओ अगदी वेगळ्या कारणासाठी परत परत बघते. आवाज बघा ना. पलीकडून आरडाओरडा चालू होतो, ती आवाज चढवत नाही, उलट प्रत्येक शब्द सुटा करत जाते. आणि मांडणी बघा, आधी स्वतःच्या मतदारसंघातल्या शाळा, भिंतींचा गिलावा मुलांच्या चित्रांनी आणि चिकटपट्टीने धरून ठेवलेला. मग लंडनच्या रस्त्यांवर दुकानांचे दरवाजे, जे रात्री बेघर माणसांची झोपायची खोली, बसायची खोली आणि न्हाणीघर व्हायचे. ओळीने तीन खोल्या, प्रत्येक वेळी एक श्वास. हे कुणी लिहून दिलेलं भाषण नाही, ही रंगभूमीवर पस्तीस वर्षं काढलेल्या बाईची वाक्यफेक आहे. लोभ आणि स्वार्थ हे दुर्गुण म्हणून आम्हाला शिकवले होते ते थॅचरवादात सद्गुण झाले असा एकूण रोख. आणि शेवटी ज्या बायकांनी तिला वाढवलं, ज्या युद्धात घरं आणि कारखाने चालवत होत्या, त्यांची आठवण काढून म्हणते की पहिली स्त्री पंतप्रधान म्हणताय ना, माझ्या व्याख्येत ती स्त्री बसत नाही. हा शेवटचा टोला मला स्वतःला आवडत नाही. कोण बाई आणि कोण नाही हे ठरवायला ती कोण?

समोरच्या बाजूच्या एका सदस्याने हरकत घेतली तेव्हा सभापती बर्को म्हणाले की संसदीय नियमाबाहेरचं काही घडलेलं नाही. रीतीचं म्हणाल तर, इतरांनी न येऊन रीत पाळली आणि हिने येऊन मोडली, ह्यातलं जास्त प्रामाणिक काय ते तुम्हीच ठरवा.

खवचट काकू

घरी बसणं प्रामाणिक. पण आवाजाचं मान्य.

निवांत

ती स्वतःच म्हणायची की संसद म्हणजे तालीम न केलेलं नाटक, प्रकाशयोजना वाईट आणि आवाज कुठेच नीट पोचत नाही. आणि तिथले अहंकार नाटकाच्या विंगेत अर्धा मिनिटही खपवून घेतले नसते असंही.

अजून एक चहा

आता लिअरबद्दल कोणीतरी लिहा ना प्लीज, मी त्यासाठीच थांबलेय.

विंगेतून

लिहितो, जरा मोठं होईल.

मी ओल्ड विकचा प्रयोग पाहिलाय. २०१६ च्या शेवटी होता, दिग्दर्शन डेबोरा वॉर्नर, विदूषक रीस इफान्स, थोरल्या मुली सेलिया इम्री आणि जेन हॉरॉक्स. रंगमंच जवळजवळ रिकामा, पांढरे फ्लॅट, तालमीच्या हॉलमध्ये असतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मला आधी वाटलं हे जरा जास्तच 'बघा आम्ही किती साधे' चाललंय. वादळाचा प्रसंग आला तेव्हा काळ्या प्लास्टिकचे प्रचंड कागद वाऱ्यावर फडफडवले होते, कचऱ्याच्या पिशव्यांचंच प्लास्टिक, आणि त्या फडफडीच्या वर ह्या ऐंशी वर्षांच्या, काटकुळ्या बाईचा आवाज. मायक्रोफोनचा आधार नाही. एवढ्याशा छातीत हा आवाज राहतो कुठे हे मला शरीरशास्त्राने कळलेलं नाही.

सगळे विचारतात की बाईने राजा कसा केला. आपल्याला खरं तर हा प्रश्न पडू नये, बालगंधर्वांच्या लुगड्यांची फॅशन झालेल्या गावात आपण राहतो. आणि उलट बाजूनेही, कमलाबाई गोखल्यांनी पुरुष भूमिका केल्याच की. पण ग्लेंडाने जे केलं ते ह्या दोन्हीपेक्षा वेगळं. तिने पुरुष 'वठवला' नाही. मिशी नाही, भारदस्त चाल नाही, आवाज मुद्दाम जाड केलेला नाही. बाई आहे हे लपवलंही नाही. पंधरा मिनिटांनी तुम्ही विचार करणंच सोडता, समोर एक म्हातारा माणूस आहे ज्याला आयुष्यात कुणी नाही म्हटलेलं नाही, एवढंच उरतं. थोरल्या मुलीला, गॉनरिलला, मूल होऊ नये म्हणून दिलेला तो शाप आहे ना, तो बहुतेक नट गडगडाट करून देतात. हिने तो थंड, जवळ जाऊन, हिशेब मांडल्यासारखा दिला, आणि पुरुषाच्या तोंडून तो शाप जितका क्रूर वाटतो त्यापेक्षा जास्त क्रूर वाटला.

१९६५ मध्ये तिने ऑफिलिया केली होती तेव्हाच एका समीक्षिकेने लिहिलं होतं की ही ऑफिलिया हॅम्लेटच करायला हवी होती. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच कुणाला तरी दिसलं होतं.

दुसऱ्यांदा तिने लिअर केला २०१९ मध्ये न्यूयॉर्कला, वेगळा दिग्दर्शक, फिलिप ग्लासचं संगीत, सोनेरी भिंती. तो प्रयोग लोकांना तितकासा भावला नाही आणि ठरल्यापेक्षा लवकर बंद झाला. तो मी पाहिलेला नाही.

ज्यांना लिअर वाचायचाच आहे त्यांच्यासाठी विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आहे, आणि लिअरच्या दुःखाचा मराठी वारस म्हणजे शिरवाडकरांचा बेलवलकर, हे इथे कुणाला सांगायला नको.

दादर स्लो

सुंदर लिहिलंयस. पण माझाच मुद्दा सिद्ध होतोय ना? जिच्यात हे होतं तिने २३ वर्षं ते कपाटात ठेवलं.

तिसरी घंटा

आता मी पहिल्या पोस्टमधलं कर्ज फेडते.

लिअर करताना तिला प्रत्येक मुलाखतीत विचारलं की पुरुष करायची तयारी कशी केली. तिने जे उत्तर दिलं ते मी कुठल्याच नटाच्या तोंडून ऐकलेलं नाही. खासदार म्हणून ती वृद्धाश्रमांत आणि म्हाताऱ्यांच्या दिवसा चालणाऱ्या केंद्रांत जायची. तिथे तिच्या लक्षात आलं की माणूस जसजसा म्हातारा होतो तसतशी बाई आणि पुरुष ह्यांच्यामधली भिंत विरघळत जाते. लहानपणी आपल्याला मुलगी कसं व्हायचं, मुलगा कसं व्हायचं हे शिकवतात, ते शेवटी शेवटी गळून पडतं, बायका हुकूम सोडायला लागतात, पुरुष रडायला लागतात. तिचा लिअर ह्यातून आला. स्लो, हे तिला कुठल्या नाटकाच्या तालमीत दिसलं असतं सांग ना. अभ्यास म्हणून दोन दिवस वृद्धाश्रमात बसून येणारे नट असतात, त्यांना जे दिसतं ते नटाला दिसावं म्हणून दाखवलेलं असतं. ही तिथे भत्त्याचे अर्ज आणि गळकी छपरं बघायला गेली होती. तिच्यासमोर कुणी पोझ घेऊन बसत नव्हतं.

आणि विंगेतूनने सांगितलं की शाप थंडपणे दिला. सत्ता असलेली माणसं ओरडत नाहीत, शांतपणे निधी कापतात, हे दोन दशकं समोरच्या बाकावर बघितल्यावर शाप गडगडाटात कोण देईल? हा माझा तर्क आहे, ती असं कुठे म्हणालेली नाही.

'एलिझाबेथ इज मिसिंग' घ्या, डिसेंबर २०१९, बीबीसी. मॉड नावाची स्मृतिभ्रंश झालेली आजी, हरवलेल्या मैत्रिणीला शोधतेय आणि आपण काय शोधतोय तेच विसरतेय. खिशांत चिठ्ठ्या, भिंतीवर चिठ्ठ्या. एक चिठ्ठी वाचून दुसरी शोधेपर्यंत पहिली निरर्थक. साधारणपणे असल्या भूमिकेत नट आपल्याकडून दया मागतात. ही चिडते. सगळ्यांवर डाफरते, मुलीचा अपमान करते, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची अडचण करून सोडते. ज्याने घरात असं माणूस सांभाळलंय त्याला कळेल की खरं हेच असतं, करुण वगैरे नंतर. बाफ्टा मिळालं त्याला आणि आंतरराष्ट्रीय एमीसुद्धा.

गाडगं

१९७१ मध्ये एलिझाबेथ होती, २०१९ मध्ये एलिझाबेथ हरवली. एवढंच म्हणायचं होतं.

निवांत

घंटा, तुझी शेवटची पोस्ट मूळ धाग्यात वर टाक, नवीन येणाऱ्यांना सापडणार नाही. टोनीचंही नीट सांगायचं राहिलं. 'थ्री टॉल विमेन', २०१८, लॉरी मेटकाफ आणि ॲलिसन पिलसोबत. त्याआधी चार वेळा नामांकन होतं, पहिलं 'मारा/साद'चं. पहिल्या नामांकनापासून बक्षिसापर्यंत बावन्न वर्षं. आणि संसदेतून बाहेर पडल्यावर पहिलं काम रंगमंचावर नाही तर रेडिओवर केलं, एमिल झोलाच्या कादंबऱ्यांवरची मालिका, त्यात १०४ वर्षांची म्हातारी. आवाज शाबूत आहे ना हे बघायचं असेल तर रेडिओसारखी जागा नाही.

अजून एक चहा

कुठून सुरुवात करू? 'एलिझाबेथ आर' झालंय.

खवचट काकू

'हॉपस्कॉच', वॉल्टर मॅथाऊसोबत, १९८०. हेरांची गोष्ट आहे, गोळीबार जवळपास नाही, दोन प्रौढ माणसं एकमेकांची चेष्टा करतायत. रविवार दुपारचा सिनेमा.

तिसरी घंटा

मी 'संडे ब्लडी संडे' म्हणेन, १९७१, श्लेसिंजरचा. एक तरुण मुलगा, त्याच्यावर प्रेम करणारी ही, आणि त्याच्यावरच प्रेम करणारा एक डॉक्टर, पीटर फिंच. दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत आहे. ५० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी हे इतक्या समजूतदारपणे केलंय की आज बघताना वेळेचा हिशेब चुकतो. त्यानंतर 'स्टीव्ही', कवयित्री स्टीव्ही स्मिथवरचा, आत्याबरोबर एका उपनगरी घरात आयुष्य काढलेली बाई. सिनेमा म्हणून साधाच आहे, नाटकाचं चित्रीकरण वाटतं, पण तिच्या तोंडून कविता ऐकायच्या असतील तर हाच.

'विमेन इन लव्ह' घाईत बघू नका. त्यात गुड्रुन शिंगवाल्या गुरांच्या कळपासमोर एकटी नाचते, गुरं दबकून मागे सरतात. त्या चित्रीकरणाच्या वेळी ती गरोदर होती. गुरांना घाबरत होती की नाही हे पडद्यावरून अजिबात कळत नाही.

किल्बर्नकर

शेवटचा सिनेमा 'द ग्रेट एस्केपर' थिएटरला पाहिला, ती गेल्यावर काही महिन्यांनी लागला, ऑक्टोबर २०२३. खरी गोष्ट आहे, होव्हच्या केअर होममधला ८९ वर्षांचा नौसैनिक कुणाला न सांगता नॉर्मंडीला जातो. तो मायकेल केन, ही त्याची बायको रीन. १९७५ मध्येही दोघं एका सिनेमात नवरा-बायको होते. तो सगळा प्रवास करतो आणि ही खोलीत बसून असते, तरी सिनेमा तिचाच आहे. लिपस्टिक लावायचा छोटासा प्रसंग आहे, जिने आयुष्यभर स्वतः लावली नाही तिने.

दादर स्लो

बघतो. अपव्ययाचं माझं मत अजून तसंच आहे, पण वृद्धाश्रमाची पोस्ट मी बायकोला वाचून दाखवली आणि ती तुमच्या बाजूने गेली, त्यामुळे घरात मी आता अल्पमतात. ते 'टर्टल डायरी' कुणी पाहिलंय का? बेन किंग्जली आणि ही मिळून लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली कासवं चोरून समुद्रात सोडतात, पटकथा पिंटरची. कुठे मिळेल?

विंगेतून

माझ्याकडे जुनी डीव्हीडी आहे. दादरला येतोच आहेस तर शनिवारी घेऊन जा. परत दे म्हणजे झालं.